१ जून आणि ३१ ऑगस्ट

बेळगावच्या आमच्या घरात बाबांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत घालताना गुरुजींनीच ती तारीख लिहिली. खरी कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या वर्षी बाबांना घेऊन मी ताईकडे न्यू जर्सीला गेले, तेव्हा ती भाच्याचं नाव लिटल लीग बेसबॉलसाठी नोंदवत होती. जन्मदाखला, पत्त्याचे पुरावे टेबलावर मांडलेले. तिथे ३१ ऑगस्टला मुलाचं जे वय, तेच त्या अख्ख्या सीझनचं वय. भाचा २९ ऑगस्टचा. म्हणजे अकरा वर्षांचा असूनही तो बाराचा धरला गेला, आणि ९ ते १२ वर्षांच्या ‘मेजर्स’ गटातलं हे त्याचं शेवटचं वर्ष ठरलं. त्याचा जिवलग मित्र ३ सप्टेंबरचा. त्याला अजून एक वर्ष मिळणार.

“पाच दिवसांचा तर प्रश्न! आमचे गुरुजी हवे होते,” बाबा म्हणाले.

ताईने सांगितलं, २००१मध्ये ब्राँक्सच्या संघातला पिचर बाराऐवजी चौदाचा निघाला आणि संघाचे विजय रद्द झाले. पिचर अवघ्या ४६ फुटांवरून चेंडू टाकतो. समोरच्या पोराला दोन वर्षांचा फरक भारी पडतो.

भाचा म्हणाला, “आजोबा, तारीख बदलली तर माझा वाढदिवस खोटा होईल ना?”

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, “माझा आहेच तसा. तुझा खरा राहू दे.”

रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि कुणीतरी तिच्या अगदी कडेला सापडतंच. सीमाभागातल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.