साडेअकराचा ठराव

त्या रविवारी सोसायटीच्या सभेला गेलो, तेव्हा माझं म्हणणं एवढंच होतं, की तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलांनी रात्री दहानंतर गाणी हळू लावावीत. बाकीच्यांचंही साधारण तेवढंच. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, चहा फिरत होता. कुणी म्हणालं, त्यांच्या गाड्या आडव्या लागतात. कुणी जिन्यातल्या चपलांचा विषय काढला. एका काकूंना लिफ्टमधला सिगारेटचा वास आठवला. प्रत्येक तक्रार खरी होती. पण घरून मी एकच घेऊन आलो होतो, तासाभरात माझ्याकडे सात झाल्या. साडेअकराला सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, ‘यापुढे अविवाहितांना जागा भाड्याने देऊ नये.’ माझा हात वर होता.

त्याच मुलांनी जूनमध्ये, लिफ्ट बंद असताना, माझ्या आईला खुर्चीसकट चौथ्या मजल्यावरून खाली उतरवलं होतं. वळणावर एकाने आपला तळहात भिंत आणि तिच्या कोपराच्या मध्ये धरला होता, तिला खरचटू नये म्हणून. सभेत मला हे आठवलं. बोललो मात्र नाही.

चर्चेने माणसं मध्यावर येतात, असं मी समजत असे. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जेम्स स्टोनर या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी प्रयोग करताना उलटंच दिसलं: एकेकट्याने सुचवली त्याहून जास्त जोखीम तीच माणसं एकत्र बसून सुचवू लागली. पुढे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोस्कोविसी आणि झावालोनी या मानसशास्त्रज्ञांनी फ्रेंच विद्यार्थ्यांना चर्चेला बसवलं. फ्रान्सचे नेते द गॉल यांच्याबद्दल आधीच चांगलं असलेलं मत आणखी चांगलं झालं, अमेरिकनांबद्दलची नाराजी आणखी वाढली. कल जिकडे, ढकलणं तिकडेच.

एकाच बाजूचे मुद्दे साचत जातात, हे एक कारण. माझ्या सात तक्रारी तशाच जमल्या. दुसरं मला जास्त बोचतं. कुणाच्या वाक्याला माना डोलतात, हे आपण बघत असतो, आणि आपलं वाक्य त्याच्या अर्धं पाऊल पुढे नेऊन ठेवतो. ‘गाणी हळू लावा’वरून ‘यांना कुणाची पर्वाच नाही’वर मी असाच पोचलो. ते वाक्य माझंच होतं, आणि त्यालाही माना डोलल्या.

पुढच्या सभेचा विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्या वेळी सगळ्यांत आधी मला बोलू द्या, असं आज सेक्रेटरींना सांगून आलो. आईच्या खुर्चीपासून सुरुवात करणार आहे.