दोन अवतरणचिन्हे

विरामचिन्हांसाठी गुण कापणारा मी एक निष्ठुर मास्तर. परवा माझेच गुण कापले गेले!

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या महाविद्यालयात संगणकांवर लिनक्स आहे. 'ॲप्ट' नवी पॅकेजे फार सावकाश उतरवी. म्हणून मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. ॲप्टकडून फाइलींचे पत्ते घ्यावेत, 'आरिया२'ला द्यावेत. तो एकच फाइल अनेक जोडण्यांवरून तुकड्यातुकड्यांनी एकदम ओढतो. शेवटी 'मराठी विभाग' हा तात्पुरता फोल्डर पुसून टाकावा. वाचून एक विद्यार्थी हळूच म्हणाला,

"सर, नावाभोवती अवतरणचिन्हे नाहीत. मधली मोकळी जागा दिसली की शेल एका नावाची दोन करते. आधी 'मराठी' पुसेल, मग 'विभाग' शोधत बसेल."

माझ्या पोटात धस्स झाले. 'मराठी' हा फोल्डर शेजारीच होता, आणि त्यात होती आमच्या नर्सीच्या नामदेवांच्या अभंगांवरची माझी अकरा वर्षांची टिपणे! दुसरी प्रत कोठेही नव्हती.

चिन्हे घातली, टिपणे वाचली. त्याच रात्री त्यांची दुसरी प्रतही काढली. गुण मी अजूनही कापतो, पण हल्ली समासात कारणही लिहितो.