बोलक्या भट्ट्यांचं गाव

दोस्तांनो, कोल्हापूरला गेलेला माणूस परत येताना काय आणतो? कुणी चपला आणतो, कुणी गुळाची ढेप, कुणी कांदा-लसणाची चटणी. मी मात्र या खेपेला प्लॅस्टिकच्या पिशवीतून मूठभर काळी वाळू आणली! घरी सगळे हसले. पण या वाळूची गोष्ट ऐकलीत तर तुम्ही हसणार नाही.

अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, खासबागचं कुस्तीचं मैदान हे सगळं तुम्ही पाहिलं असेल, नाहीतर ऐकलं तरी असेल. मी तुम्हाला नेणार आहे ते ठिकाण सहलीच्या बसला सहसा माहीत नसतं. कोल्हापूरहून पुण्याच्या बाजूला निघालं की पंचगंगेचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की शिरोली. हा तोच भाग, जिथे २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये महामार्गावर पुराचं पाणी आलं होतं आणि ट्रकच्या रांगाच्या रांगा अडकून पडल्या होत्या. इथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. दुसरी वसाहत शहराच्या दुसऱ्या अंगाला, गोकुळ शिरगावला. कागलजवळ तिसरी. या सगळ्या मिळून लोखंड वितळवून ओतण्याचे, म्हणजे फौंड्रीचे, ३००च्या आसपास कारखाने कोल्हापूर परिसरात आहेत. तुमच्या गावातल्या ट्रॅक्टरचा किंवा एसटीच्या इंजिनाचा एखादा भाग इथलाच असण्याची बरीच शक्यता आहे.

आता तुम्ही विचाराल, कुस्ती आणि गुळाच्या गावात हे लोखंड कुठून आलं? तर ते गुळातूनच आलं म्हणा ना! राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला, मग राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं. नदीकाठी ऊस वाढला. उसाला पाणी हवं, पाण्याला पंप हवा, पंपाला ऑइल इंजिन हवं. इंजिनं यायची परदेशातून. ती बिघडली की इथले सुतार-लोहार खोलायचे, दुरुस्त करायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरचा माल मिळेनासा झाला, तेव्हा या मंडळींनी विचार केला, सुटे भाग आपणच करतो, मग अख्खं इंजिनच का करू नये? आणि केलं की! शिवाजी उद्यमनगरातल्या लहान लहान शेडमधून ऑइल इंजिनं बाहेर पडू लागली. पुढे खेड्यापाड्यांत वीज गेली, इंजिनाची जागा मोटरनं घेतली आणि हा धंदा ओसरला. तेव्हा इथल्या लोकांनी मोटारी आणि ट्रॅक्टरचे भाग ओतायला घेतले.

खोलून बघायची ही खोड इथल्या मातीतच असावी. बाबूराव पेंटरांनी आपले शिष्य दामले यांच्या साथीनं १९१८च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच तयार केला आणि त्यावर पुढे 'सैरंध्री' चित्रपट काढला. मला तरी त्या कॅमेऱ्यात आणि या इंजिनांत एकच रक्त दिसतं.

असो. आपण शिरोलीला आलो आहोत. पाऊस पडतो आहे. एका ओळखीच्या गृहस्थांच्या फौंड्रीत मी शिरलो, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, पायात जाड बूट चढवून. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उष्णता. दुसरी म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत सगळं काळं! ही काळी वाळू म्हणजे साच्याची वाळू. वाळू, चिकटपणासाठी बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची पूड आणि पाणी. गणपतीची मूर्ती साच्यात करतात ना, तसाच इथे वाळूचा साचा करतात. फक्त आत शाडू भरायचा नाही, तर सुमारे १४०० अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस ओतायचा!

या वाळूत पाणी किती, यावर सगळा खेळ. साधारण साडेतीन टक्के. कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ते सोळाशेपटींहून जास्त फुगतं. ती वाफ कास्टिंगमध्ये भोकं पाडते. फारच पाणी असलं तर उकळता रस उसळून माणसांच्या अंगावर येतो.

पूर्वी हे साडेतीन टक्के कोण मोजायचं? मेस्त्रींची मूठ! या फौंड्रीत तीसेक वर्षं काम केलेले एक मेस्त्री आहेत. त्यांनी मला वाळूच्या ढिगापाशी नेलं.

"घाला हात, पावणं. भ्या नका. आवळा मूठ. आता सोडा. बोटं उमटली न्हवं? आता मधनं मोडा. कडा कशी दिसतीया? सरळ मोडली, हाताला पाणी लागलं न्हाई, म्हंजे वाळू झाली."

गुऱ्हाळावर गुळव्या असतो, पाहिला आहे का तुम्ही? काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो गोळी होते का बघतो आणि 'उतरवा' म्हणतो. त्याच्या एका शब्दावर अख्खी काहील. मेस्त्री हा भट्टीचा गुळव्याच. लोखंडाचा रससुद्धा ते असाच पारखत. पाचरीसारखा छोटा तुकडा ओतायचा, निवला की फोडायचा आणि फुटलेल्या कडेला पांढरा भाग किती, करडा किती, ते पाहायचं. त्यावरून कार्बन-सिलिकॉनचा अंदाज!

मग आता काय बदललं? शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली आहे. तिथे एक इंजिनिअर ताई बसते. वाळू कालवायच्या यंत्रात एक सेन्सर आहे. ओल्या वाळूतून वीज वेगळी वागते, त्यावरून तो पाणी ओळखतो आणि कमी वाटलं तर स्वतःच नळ सोडतो. भट्टी आता कोकची नाही, विजेची आहे. ती किती युनिट खाते आहे, रस किती तापला आहे, हे आकडे दर मिनिटाला ताईच्या पडद्यावर येतात. रसाचा रुपयाएवढा नमुना एका पेटीत ठेवतात. वर ठिणगी पडते आणि त्या ठिणगीच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून पेटी सांगते, कार्बन इतका, सिलिकॉन इतकं, गंधक इतकं. प्रत्येक मूलद्रव्याची प्रकाशरेषा ठरलेली. (याच युक्तीनं १८६८च्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि हेलियमचा शोध आधी सूर्यावर लागला, पृथ्वीवर नंतर!) सगळं मिनिटभरात.

पण खरी गंमत पेटीत नाही, जोडणीत आहे. जर्मनीत हॅनोव्हरला दर वर्षी मोठी औद्योगिक जत्रा भरते. तिथे २०११ साली 'इंडस्ट्री फोर पॉइंट झिरो' हा शब्द पुढे आला. म्हणजे चौथी क्रांती. पहिली वाफेची, दुसरी विजेची, तिसरी कॉम्प्युटरची, आणि चौथीत यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. ऐकायला भारदस्त, पण शिरोलीत त्याचा अर्थ काय, ते ताईनं मला एका चहाच्या गोष्टीतून सांगितलं.

ओतलेल्या भागांत काही सदोष निघतातच. ते पुन्हा वितळवायचे, म्हणजे वीज, मजुरी, वेळ सगळं पाण्यात. या फौंड्रीत एका भागाची कड अर्धवट भरलेली निघायची. रोज नाही, अधूनमधून. कारण सापडेना. वह्या काढल्या. वह्यांत काय? रोज, दर पाळीला, एकच आकडा! पाळी संपताना कुणीतरी तेलकट हातानं पानभर तोच आकडा भरून टाकायचा. (तुमच्यापैकी कुणी प्रयोगवहीत असं केलं आहे का? मी केलं आहे.)

मग आकडे आपोआप नोंदले जाऊ लागले. एका भट्टीभर रसाला 'हीट' म्हणतात. प्रत्येक कास्टिंगवर हीटचा नंबर उमटतो आणि त्या नंबरामागे वाळू, तापमान, वेळ असं सगळं जोडलेलं राहतं. ताईनं सदोष भाग गोळा केले, नंबर टाकले आणि वेळा मांडल्या. बहुतेक सगळे दुपारी चारनंतरचे! चार वाजता चहा यायचा. दहा मिनिटं रस लेडलमध्ये, म्हणजे त्या मोठ्या लोखंडी बादलीत, तसाच थांबायचा आणि निवायचा. निवलेला रस कडेपर्यंत पोचायचा नाही. चोर सापडला! उपाय काय केला? चहा बंद नाही केला बरं का. दोन तुकड्या केल्या, चहाही दोनदा येऊ लागला.

हे ऐकून मी ताईच्या बाजूनं झालो होतो. तेवढ्यात तिनंच दुसरी गोष्ट सांगितली. तीही अशीच पावसाळ्यातली. रात्रपाळी सुरू झाली होती. पडद्यावर वाळूचा आकडा हिरवा, म्हणजे सगळं ठीक. मेस्त्री घरी निघाले होते. जाता जाता सवयीनं त्यांनी ढिगातली मूठ आवळली. तळहात ओला झाला. "थांबवा!" ते ओरडले. "वतू नका!"

पोरं म्हणाली, मामा, पडद्यावर बरोबर दिसतंय. मेस्त्री लेडलच्या वाटेत आडवे उभे राहिले. शेवटी यंत्र उघडलं. सेन्सरच्या तोंडावर मातीचा सुका पापुद्रा धरला होता. सेन्सरला वाळू कोरडी वाटत होती, म्हणून तो पाणी सोडतच होता, आणि पडदा सेन्सर सांगेल तेच दाखवत होता. त्या रात्री तयार झालेले सगळे साचे मोडावे लागले. रस ओतला असता तर काय झालं असतं, ते ताईनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मेस्त्रींना मी म्हटलं, "म्हणजे तुमची मूठच खरी!" त्यांनी मान हलवली. "आसं न्हाई. एकदा माझा तुकडा झकास फुटला हुता, करडा, एकसारखा. मी म्हणालो, वता. पेटीनं शिसं दावलं. भंगारातनं आलं हुतं, चिमूटभर. ते डोळ्याला दिसत न्हाई. त्या लोखंडाचा भाग गाडीत बसला आस्ता आन् घाटात तुटला आस्ता तर?"

मी त्यांना विचारलं, हे सगळं आल्यावर लोकांची कामं जातील, अशी भीती नाही वाटत? मेस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. वह्या भरणाऱ्याचं काम गेलंच, म्हणाले. आणि कोण किती वेळ थांबला हेही पडद्यावर दिसतं, ते पोरांना आवडत नाही. मलाही आवडलं नसतं. उकळता रस हातानं वाहून नेण्याचं काम यंत्राकडे गेलं तर मला मात्र काडीचंही वाईट वाटणार नाही.

"माझं काम जात न्हाई," मेस्त्री म्हणाले. "माझ्यामागनं कोण येतंय का, ते सांगा. माझा पोरगा ब्यांकेत हाय."

त्या ओल्या रात्रीनंतर ताईनं एक केलं आहे. पडद्यावर एक जादा रकाना आहे, 'मामांची मूठ'. रोज सकाळी आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मेस्त्री वाळू आवळतात, तोंडानं आकडा सांगतात आणि ताई तो सेन्सरच्या आकड्याशेजारी भरते. दोन्हींत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडला तर काम थांबतं आणि सेन्सर उघडून पुसतात. ओडिशाहून आलेल्या दोन पोरांनाही आता मूठ आवळायला लावतात. त्यांचे आकडे अजून फार चुकतात म्हणे.

निघताना मेस्त्रींनी मला पिशवीत वाळू भरून दिली. घरी येईपर्यंत ती वाळून कडक झाली.

तुम्हाला हे घरी करून बघता येईल. अर्धा किलो बारीक वाळू उन्हात चांगली वाळवा. त्यात अर्धी वाटी वाळलेली चिकणमाती कुटून मिसळा. आता पाच मिलिलिटरचा औषधाचा चमचा घ्या. एक चमचा पाणी म्हणजे जवळजवळ एक टक्का. एकेक चमचा घालायचा, नीट कालवायचं, मूठ आवळायची, मधून मोडायची आणि कडा बघायची. मग भावाला किंवा बहिणीला चमचे न मोजता पाणी घालायला सांगा आणि नुसत्या मुठीवरून किती चमचे घातले ते ओळखा. तुमचा अंदाज आणि खरा आकडा, दोन्ही शेजारी शेजारी लिहा आणि आम्हाला पाठवा. वही पाळी संपताना भरायची नाही हं!