खाटल्यावरचा हरी

असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आळशांची टर उडविण्यासाठीच जन्मास आली यात शंका नाही. परंतु खाटले कोणत्या ओसरीवर टाकले आहे याची वर्दी हरीला कोणी द्यावयाची, हा प्रश्न तिच्या कर्त्याला पडलेला दिसत नाही. हरी सर्वज्ञ आहे, हे उत्तर कीर्तनात चालते. वेबवरच्या वाचनाचा हरी जो ब्राउझर, त्याच्या बाबतीत ते अर्धेच खरे ठरते, कारण तो सारे जाणतो आणि सांगत मात्र नाही.

नवे लिखाण वाचकाकडे आपणहून चालत यावे, अशी फीडची व्यवस्था नेटस्केपने 1999 साली आरएसएस ह्या नावाने सुरू केली. आजही असंख्य पानांच्या मस्तकी तिचा पत्ता सांगणारी एक ओळ असते, जी आपल्याला दिसत नाही आणि ब्राउझरला दिसते. फायरफॉक्समध्ये एके काळी अशा पानावर नारिंगी चौकोन उमटे, डाव्या कोपऱ्यात ठिपका आणि त्यावर दोन कमानी. पुढे मायक्रोसॉफ्टनेही तेच चिन्ह स्वीकारले. 2011 मध्ये फायरफॉक्सने ते पत्त्याच्या पट्टीतून हटविले, आणि 2018 च्या डिसेंबरात, वापरणारे फार थोडे उरल्याच्या सबबीवर, ती सोयच बरखास्त केली. आधी पाटी उतरवावी आणि मग गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून दुकान बंद करावे, हा न्याय मला खटकतो. तथापि पाटी झळकत होती तेव्हाही बहुतेकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते, हेही नाकारता येत नाही.

येथे मला याच्या उलट रीतीने, न मागता दारी येणाऱ्या जुन्या मासिकांच्या व्ही.पी., म्हणजे पोस्टमनला पैसे मोजून सोडवून घ्यावयाची पुडकी, आठवतात. अमुक तारखेपर्यंत नकार न कळविल्यास पुढील वर्षाची वर्गणी व्ही.पी.ने वसूल केली जाईल, अशी चालकांची सूचना छापून येई, आणि मग एके दुपारी पोस्टमन ओट्यावर उभा राही. वेष्टनावर शाईने वर्गणीदाराचा क्रमांक, आत नवा अंक, आणि यजमान कोटाचे खिसे चाचपीत, घ्यावे की परत धाडावे, ह्या विवंचनेत. परत धाडले तर टपालहशील चालकांच्या अंगावर पडे, म्हणून भिडेखातर कित्येकांनी पैसे मोजले असतील. पण त्याच भिडेतून आलेले अंक घरातल्या मुलांनी अधाशासारखे वाचले असतील, आणि ग्रंथालयांत आज जपलेल्या बांधीव फायलींपैकी कोणती आवडीची व कोणती संकोचाची, याचा निवाडा कोणत्या दप्तरावरून करावा?

तेव्हा ब्राउझरने फीड आपणहून दाखवावे, असे म्हणावयास मी सरसावतो आणि अडखळतो. न मागता समोर येणाऱ्या गोष्टींनी माणूस आधीच त्रासला आहे, त्यात ही एक भर कशाला? मौनाला संमती समजणे हा जुलूम असेल, तर मौनाला नकार समजणे हीही अरेरावीच. आणि ह्या दोहोंपैकी काहीतरी गृहीत धरल्यावाचून ब्राउझर घडविता येत नाही. ज्याला फीड म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याच्या मौनाचा अर्थ कोणता लावावा, हे मला तरी कळेनासे झाले आहे.