बसवकल्याणचा वाडा आणि बिनकिल्लीचे कुलूप

आमच्या बसवकल्याणच्या वाड्याची किल्ली वीतभर लांब होती. 'होती' असे म्हणावे लागते, कारण ती आता कुलपात फिरत नाही. देवघराच्या खुंटीवर टांगलेली आहे. गेल्या कार्तिकात आम्ही हैदराबादेहून निघालो आणि बीदर, कलबुर्गी करीत कल्याणास पोचलो, ते मुळी त्या किल्लीला निवृत्त करण्यासाठीच. प्रवासवर्णनाला हा विषय जरा विचित्र खराच. देवदर्शन, लग्नकार्य, जमिनीचा निकाल यांसाठी लोक वाट तुडवतात. कुलूप बदलण्यासाठी कोणी एवढे जाते काय? पण ज्यांचे मूळ घर एका प्रांतात, पोटापाण्याचे घर दुसऱ्या प्रांतात आणि मुलेबाळे तिसऱ्याच देशात, अशा आपल्या वाचकांना त्याचे फारसे नवल वाटू नये.

कल्पना आमच्या अमेरिकेतील पुतण्याची. त्याच्यापाशी मोटारीमागे जोडून न्यायचे एक फिरते घर आहे. तिकडे अशा घरांच्या बाहेरच्या कप्प्यांना पुष्कळदा एकाच नमुन्याची किल्ली असते. आपल्या किल्लीने शेजाऱ्याचाही कप्पा उघडतो, हे ध्यानात आल्यावर त्याने धास्ती घेतली आणि दाराचे कुलूपसुद्धा बदलून आकड्यांच्या पाटीचे बसविले. ठरलेले आकडे दाबावेत, दार उघडावे. "काका," तो म्हणाला, "माझे घर हलते आणि माणसे आत असतात. आपल्या वाड्याचे घर जागेवर आणि माणसे हलतात. किल्ली मात्र दोन्हीकडे हटकून चुकीच्या गावी असते."

यात अतिशयोक्ती नव्हती. वाड्याच्या किल्ल्या दोन. एक थोरल्या चुलतभावाकडे सोलापुरास, दुसरी शेजारच्या अप्पांकडे. आम्ही हैदराबादेस, धाकटी आत्या कलबुर्गीस. १९९६ च्या माघात आत्या गाणगापूरची गुरुप्रतिपदा करून, प्रसाद घरच्या देवांपुढे ठेवावा म्हणून, दोन नातवंडांसह कल्याणास आल्या. अप्पांचे सारे घर भालकीस लग्नाला गेलेले, भाऊ सोलापुरास. जन्मल्या वाढल्या त्या वाड्याच्या ओट्यावर आत्या सायंकाळपर्यंत बसून राहिल्या, प्रसाद उंबऱ्यावर ठेवला आणि शेवटच्या मोटारीने परतल्या. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. आम्हाला ही हकीकत कळली तीही नातवाकडून, पंचवीस वर्षांनी.

पहिला मुक्काम बीदरला केला. दाराचा विचार डोक्यात असला म्हणजे बीदरसारखे गाव नाही. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वलीने बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून येथे आणली आणि जांभ्या दगडाच्या कड्यावर जो किल्ला उभारला, त्याची खरी भिस्त कुलपावर नव्हतीच. खंदक तिहेरी, तोही मधल्या खडकाच्या भिंती तशाच ठेवून कातळात खोदलेला. मग शर्जा दरवाजा, त्यावर कोरलेले दोन वाघ. पुढे वाट वळते आणि घुमटाखालच्या गुंबद दरवाजाशी पोचते. शत्रू येथवर आलाच तर त्याने हत्तीला धावायला जागा मिळू नये, अशी सारी रचना. आमच्याबरोबरच्या मुलांनी विचारले, "याची किल्ली केवढी असेल?" अशा दाराला किल्ली नसते. आतून आडणा सरकवायचा. बाहेरच्याने उघडण्याची सोय ठेवायचीच नाही. आमच्या वाड्याच्या थोरल्या दरवाजालाही असाच आडणा आहे. दिवसा भिंतीच्या पोटात दडलेला असतो, रात्री ओढून समोरच्या खोबणीत घालायचा. १९४८ च्या त्या धामधुमीच्या दिवसांत तो दिवसासुद्धा ओढलेला असे. आत्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. लाकूड भिंतीत घासत गेल्याचा आवाज अजून कानांत आहे, असे त्या सांगतात.

गावात महमूद गवानच्या मदरशापाशी थांबलो. १४७२ ची ही इमारत; १६९६ च्या स्फोटात तिचा बराच भाग ढासळला, तरी उरलेल्या मनोऱ्यावरच्या निळ्याहिरव्या कौलांची नक्षी डोळा खिळवून ठेवते. हा वजीर मोठा कर्ता. पण त्याचा घात कशाने झाला? इतिहासकार सांगतात की विरोधकांनी त्याच्या मोहोर सांभाळणाऱ्याला वश करून कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली, वर हवा तो राजद्रोही मजकूर लिहिला, आणि १४८१ साली सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. एकाची मोहोर, ती दुसऱ्याच्या हाती आणि डोके जायचे पहिल्याचे! त्या रात्री आम्ही एक निश्चय केला: वाड्याला सगळ्यांचा मिळून एक आकडा ठेवायचा नाही. ज्याचा त्याचा वेगळा. एकाने तो कोठे बोलून टाकला, तर तेवढाच पुसता यावा.

दुसऱ्या दिवशी हुमनाबादवरून कलबुर्गीस गेलो. (२०१७ पासून बीदर-कलबुर्गी आगगाडी सुरू झाली आहे, परंतु आमच्याजवळ अवजारांची पेटी होती.) तेथील किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद पाहण्याचा आत्यांचा आग्रह. दख्खनच्या मशिदींना बहुधा मोकळे अंगण असते; हिला नाही, सारी छपराखाली आहे. कमानींमागे कमानी पाहत आत्या बराच वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "चला, आपल्या घरी." साठ वर्षे गुलबर्ग्यात संसार केलेल्या बाईंच्या तोंडी 'आपले घर' म्हणजे कोणते, ते विचारावे लागले नाही. वाटेत कमलापूरची लाल केळी घेतली. ती दुसरीकडे लावली तर तशी उतरत नाहीत, अशी तिकडच्यांची खात्री आहे, आणि खाल्ल्यावर आमचीही झाली.

बसवकल्याण म्हटले की बाराव्या शतकातील बसवेश्वर आणि अनुभवमंटप आठवतात, ते योग्यच. परंतु आमच्या कामाशी ज्यांचा संबंध अधिक, ते विज्ञानेश्वर त्यांच्या थोडे आधीचे. कल्याण ही चालुक्यांची राजधानी असताना, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, इ.स. ११०० च्या सुमारास त्यांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मर्तूर हे त्यांचे गाव म्हणून दाखवितात. वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क, हे मत त्यांनी असे काही घट्ट मांडले की पुढे बंगालाकडचा भाग सोडून बहुतेक हिंदुस्थानची घरे त्यावर चालली. बंगालात जीमूतवाहनाचा 'दायभाग', तेथे हक्क बापाच्या पश्चात. आता मुलाला जन्मतः, तर मुलीला? १९९४ साली कर्नाटकाने आपल्यापुरती दुरुस्ती लागू करून मुलींना तो हक्क दिला. पण त्याआधी ज्यांची लग्ने झाली त्या वगळल्या. म्हणजे आमच्या आत्या वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट उरली नाही, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हक्क जन्माचाच, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची जरुरी नाही. मिताक्षरेला मिताक्षरेच्याच गावी ही पुरवणी आम्ही वाचून दाखविली, ती थोरल्या भावासमोर.

कारण भाऊ सोलापूरहून मुद्दाम आले होते, आणि त्यांचा आक्षेप होता. "मुलींनी यावे, राहावे. आम्ही कधी नको म्हटले? पण त्यांना निराळा आकडा कशाला?" भाऊ वाईट नाहीत. माळवद गळले की पदरच्या पैशाने माती टाकतात, पालिकेचा कर भरतात. जो खर्च करतो त्याला किल्ली आपली वाटते. आत्या एवढेच म्हणाल्या, "माघाच्या उन्हात एक दिवस ओट्यावर बसून बघ." भावांना ती हकीकत ठाऊक नव्हती. ते ऐकून घेतल्यावर उठून अंगणात गेले, आणि परत आले तेव्हा सुताराला म्हणाले, "कर सुरू."

सुरू करणे तितके सोपे नव्हते. बाजारातली ही कुलुपे साधारणपणे दीड ते दोन इंच जाडीच्या दारांसाठी केलेली असतात; आमचा थोरला दरवाजा तीन इंची सागवान. सुताराने त्याला भोक पाडण्यास साफ नकार दिला. "असलं लाकूड परत मिळत नाही, साहेब." मग तोड निघाली ती दिंडीची. थोरल्या फळीतली ही लहान झडप दीड इंचाची आहे. थोरली दोन्ही दारे आतून आडण्याने कायमची बंद ठेवायची आणि कुलूप दिंडीला, आतल्या अंगाने वरून बसणाऱ्या जातीचे. जुन्या कडीचे भोक होतेच. त्यातूनच आकड्यांच्या पाटीची तार आत घेतली. नव्याने लाकूड कोरावे लागले नाही. पावसाची झड येते म्हणून पाटीवर पत्र्याची छोटी पडवी केली.

घराचे कागद पाहू जाता आमची मोठी करमणूक झाली. आजोबांची पत्रे मोडीत, निजामाच्या अमलातला दाखला उर्दूत, १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यानंतरच्या कराच्या पावत्या कानडीत, आणि कुलपाबरोबरची पुस्तिका इंग्रजीत व चिनीत. मराठी तेवढी आम्ही बोलत होतो.

ज्यांना असे कुलूप बसवायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ते घरच्या विजेवर नव्हे, चार पेन्सिल सेलांवर चालते. वीज गेल्याने अडत नाही, पण सेल संपत आल्याची सूचना ते देते ती ऐकायला कोणी तरी हवे. बंद घरात सेल वर्षानुवर्षे पडले तर पाझरतात, म्हणून वर्षातून एकदा बदलावेच. आमच्या कुलपाला खालच्या बाजूस दोन टिकल्या आहेत. सेल मेलेच तर नऊ व्होल्टचा चौकोनी सेल तेथे टेकवून बाहेरून जीव आणता येतो. जन्मसाल, घराचा नंबर असले आकडे घेऊ नयेत. तेच आकडे दाबून दाबून पाटीवर झीज दिसते, तेव्हा अधूनमधून ते बदलावेत. मागे कोणी उभे असेल तर खऱ्या आकड्यांच्या आधी आणि नंतर हवे ते खोटे आकडे दाबण्याची सोय पुष्कळ कुलपांत असते; मुलांना ती फार आवडली.

आकडे वाटले. थोरल्या घराचा एक, आमचा एक, पुतण्याचा एक, आत्यांचा एक, आत्यांच्या दोन भाच्यांचे दोन. मग कळले की या सर्वांवर एक मुख्य आकडा असतो. तो ज्याच्याजवळ, त्याला बाकीचे हवे तेव्हा पुसता येतात. आत्या हसल्या. "म्हणजे किल्ली पुन्हा एकाकडेच की!" क्षणभर कोणी बोलेना. सरकारी खजिन्याला दुहेरी कुलूप असते, दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागल्याशिवाय ते उघडत नाही, हे आम्हाला आठवले आणि तोच उपाय केला. मुख्य आकडा आठ अंकांचा ठेवला. पहिले चार भावांनी दाबले, आम्ही सर्व भिंतीकडे तोंड करून उभे. पुढचे चार आत्यांनी, आणि आता भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे. पुन्हा खात्रीसाठी हा विधी दोनदा करावा लागला.

राहिले अप्पा. तीस वर्षे किल्ली त्यांच्या देवळीत होती. आमच्यापैकी कोणीही आले की आधी त्यांच्याकडे जायचे, चहा व्हायचा, गावची बातमी कळायची, मग किल्ली. संध्याकाळी ते कुलूप पाहायला आले, पाटीवरून बोट फिरविले आणि म्हणाले, "आता आमच्या दारी येणार नाही म्हणा की." यावर काय बोलावे आम्हाला सुचेना. पुतण्याने सुचविलेल्या या सोयीचा एवढा भाग आमच्यापैकी कोणी मोजलाच नव्हता. आकड्यांच्या या कुलपाला अडीअडचणीसाठी एक साधी किल्लीही असते. ती आणि तो चौकोनी सेल आम्ही अप्पांच्या हाती ठेवला. सेल त्यांनी परत दिला. "हा तुमच्याकडे ठेवा," म्हणाले, "किल्ली राहू द्या."

निघण्याच्या सकाळी आत्यांनी दिंडी ओढून घेतली आणि म्हणाल्या, मी एकटी उघडून बघते. आम्ही रस्त्यावर थांबलो. चष्मा गाडीत राहिला होता. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले; पाचव्यांदा चुकल्यावर कुलूप चोर समजून तीन मिनिटे अडून बसले. आत्या ओट्यावर टेकल्या. अप्पांच्या सूनबाई पितळी पेल्यातून चहा घेऊन आल्या. आम्ही गाडीतून चष्मा आणला, घड्याळ पाहिले. चहा संपला तसा आत्यांनी पदराने बोट पुसले, एकेक आकडा मोठ्याने म्हणत म्हणत दाबला. अवघ्या गल्लीला तो कळला असेल. दिंडी आत गेली, आणि वाकून आत जाता जाता त्या म्हणाल्या, "भाऊला सांग, माझे चार आकडे बदलायचे आहेत. त्यालाही यावे लागेल."