पांढऱ्या भिंतीपुढील दादा

रस्त्यावरील माणसांचीं कृष्णधवल छायाचित्रें घेण्याचा नाद आम्हांस सेवानिवृत्तीनंतर लागला. या वयांत हा छंद शोभतो काय, असें घरांत उघड कोणीं विचारलें नाहीं. मात्र आम्ही भाजी आणावयास गेलों, कीं पिशवी रिकामी आणि कॅमेरा भरलेला परत येतो, अशी आमची ख्याति झाली आहे. त्या नादांतील एका चुकीची हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

सन २०१९ च्या वैशाखांत, भर दुपारीं, वाईच्या गणपति आळींतून आमचे वडील बंधु येत होते. अंगांत करडा सदरा, खालीं पांढरें धोतर, डोक्यावर काळी छत्री. मागें नुकतीच चुन्यानें रंगविलेली भिंत. कॅमेऱ्यासमोर उभे केले कीं दादा पुतळ्यासारखे ताठ होत. म्हणून त्यांस न कळतां टिपावयाचें, असें आम्हीं फार दिवस मनांत धरलें होतें. प्रकाशमापकाचा कांटा जुळविला आणि कळ दाबली. त्याच श्रावणांत दादा गेले.

"त्या खुर्चीवर बसविलेल्या फोटोंत हे आपले वाटतच नाहींत," वहिनी म्हणाल्या. "चालतांनाचा एखादा असला तर द्या, भाऊजी."

फिल्म अद्याप कॅमेऱ्यांतच होती. ती धुऊन उजेडासमोर धरली आणि काळजांत धस्स झालें. भिंतीवरील कुंचल्याचे फटकारे स्वच्छ उमटले होते. छत्रीखालीं चेहऱ्याच्या जागीं मात्र निव्वळ कोरी, पारदर्शक फिल्म!

प्रकाशमापक हा मोठा भोळा प्राणी आहे. त्याच्या लेखीं जगांतील प्रत्येक वस्तु मध्यम करड्या रंगाची. त्याला पांढरी भिंत दाखवा. तीहि करडीच असली पाहिजे असें ठरवून तो प्रकाश कमी द्यावयास सांगतो. आम्हीं त्याचें ऐकिलें. भिंत वांचली, दादा गेले. सावलींतील जें फिल्मवर उमटलेंच नाहीं, तें मागाहून कोणतेंहि रसायन आणूं शकत नाहीं. नातवानें तें चित्र संगणकावर चढवूनहि पाहिलें. चेहऱ्याऐवजीं नुसते रवे वर आले.

ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर या अमेरिकनांनीं १९४० च्या सुमारास छायेच्या पायऱ्यांची जी पद्धति बसविली, ती आम्हीं नंतर अभ्यासिली. म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणली. तिचें सार इतकेंच कीं, ज्या सावलींतील तपशील हवा, तिचेंच माप घ्यावें आणि त्याहून दोन पायऱ्या प्रकाश कमी द्यावा. सावली काळसर राहते, पण तिच्यांतला पोत मरत नाहीं. उजेडाच्या भागाची व्यवस्था फिल्म धुतांना लावतां येते.

दुसरी चूक मांडणीची. श्लोक शिकवितांना आम्ही मुलांस आधीं कर्ता शोधावयास लावीत असूं. स्वतःच्या चित्रांत मात्र कर्ता कोण, हें विसरलों. डावीकडे अर्धवट कापलेली स्कूटर, उजवीकडे दुकानाची ठळक अक्षरांची पाटी. अक्षरें दिसलीं कीं डोळा तीं वाचावयास धांवतो; माणूस मागें राहतो. शिवाय पांढऱ्या भिंतीवर पांढरें धोतर! डोळ्यांस रंग दिसतात, म्हणून ही फसगत ध्यानांत येत नाहीं. हिरव्या दारापुढें तांबडें लुगडें किती उठून दिसतें; पण दोन्ही रंगांचा उजळपणा सारखा असला, तर कृष्णधवल चित्रांत दोहोंचा एकच करडा गोळा होतो. हल्लीं आम्ही आधीं भिंत निवडतों, सकाळचें तिरपें ऊन तीवर येऊं देतों, आणि गडद वस्त्रांतला वाटसरू येईपर्यंत उभे राहतों. पुष्कळदां कोणीच येत नाहीं. मग चहा घेऊन घरीं.

याच सुमारास आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचें १९३२ सालचें प्रसिद्ध चित्र पुन्हा पाहण्यांत आलें. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागें एक इसम साचलेल्या पाण्यावरून उडी घेत आहे. टांच पाण्यास टेकणार, इतक्यांत तो टिपला आहे. कुंपणाच्या फटींतून घेतल्यामुळें कडेला आलेला अडथळा त्यांनीं पुढें कापून टाकिला. आपलीं चित्रें कापणें त्यांस एरव्हीं मुळींच पसंत नसे. आणि त्या इसमाचा चेहरा? तो दिसतच नाहीं. फिक्या पाण्यावर नुसती काळी आकृति; तरी डोळा तिजवरून हलत नाहीं.

आम्हीं निगेटिव्ह पुन्हा काढली. आजवर चेहरा निघावा म्हणून आम्ही सौम्य कागदावर छापीत होतों, आणि सारेंच राखेसारखें येत होतें. या खेपेस स्कूटर व पाटी दोन्ही कापून टाकिलीं आणि अत्यंत कठोर प्रतीचा कागद घेतला. लाल दिव्याच्या उजेडांत, तबकांतल्या द्रावणांत आधीं छत्री उमटली. मग खांदे, पाठीमागें धरलेला हात, आणि शेवटीं भिंतीपासून किंचित् वेगळ्या झालेल्या धोतराच्या निऱ्या. चेहरा साफ काळा.

तें चित्र वहिनींस दाखवावें कीं नाहीं, याचा निर्णय दोन दिवस होईना. अखेर ओलाच कागद दोरीला लावीत असतां त्या दारांत आल्या.

"चेहरा आला नाहीं," आम्ही पुटपुटलों.

"हेच कीं हे," त्या म्हणाल्या. "छत्री बघा ना, डाव्या खांद्यावर कललेली. ऊन कुठूनहि असो, यांची छत्री आपली डावीकडेच."

कागद वाळेपर्यंत त्या तेथेंच उभ्या होत्या.