कोनी आयलंडची ‘सायक्लोन’

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत, कोनी आयलंडच्या समुद्रकांठीं, १९२७ सालीं सुरू झालेली ‘सायक्लोन’ ही चढउतारांची खेळगाडी आजही उभी आहे. तिचा सांगाडा पोलादी, पण मार्ग लांकडी. तो बसविणें हें मोठें कसबाचें काम. फळ्यांचे थर वळणाच्या बांकाप्रमाणें वांकवून एकावर एक ठोकावयाचे. एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊं द्यावयाचा नाहीं, म्हणजे मार्ग एकाच जागीं कमजोर होत नाहीं. मग वर पोलादी पट्टी. दोन्ही रुळांमधील अंतर थोडें जरी चुकलें, तरी सुमारें ८५ फूट उंचीवरून कोसळणारी गाडी हिसके देऊं लागते. लांकूड उन्हापावसानें हलतें, म्हणून फळ्या वरचेवर तपासून पालटाव्या लागतात. वर बसलेलीं माणसें आरोळ्या ठोकतात. खालीं सुताराची मोजपट्टी मुकाट्यानें त्यांचे प्राण राखीत असते.